अडचण न लपवण्याचा नियम : डेबियन बसवताना येणारे ज्ञात दोष व त्यांचे निवारण

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित मोफत आधार संपला. तिच्यानंतरच्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक आहे. प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा असावा लागतो. घरोघरीचे आणि शाळांच्या संगणक कक्षांतील अनेक संगणक या अटींपाशी अडतात. त्यांचा पडदा ठीक आहे, कळफलक ठीक आहे, टंकलेखन, अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे ही सारी कामे ते आजही करू शकतात. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने ते इंटरनेटशी जोडणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. माजी विद्यार्थी आपल्या कार्यालयात वापरातून गेलेले संगणक शाळांना मोठ्या आपुलकीने देऊ करतात. असा संगणक पुढे पाच वर्षे चालणार की अडगळीत जाणार, हे पुष्कळदा एका दुपारच्या कामावर ठरते. ते काम म्हणजे त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे.

ही दुपार अनेकदा वाया जाते. पडदा काळा होतो, वाय-फाय सापडत नाही, हार्ड डिस्कच दिसत नाही. मग 'संगणक जुना झाला' असा निष्कर्ष काढून प्रयत्न सोडला जातो. आमचे म्हणणे असे की, या अडचणींपैकी बहुतेक आधीच कोणाला तरी आलेल्या असतात, नोंदलेल्या असतात आणि त्यांवरचा उपायही लिहिलेला असतो. ते वाचण्याची आणि क्रमाने तपासण्याची सवय लागली, तर सामान्य पालक किंवा नववी-दहावीतील विद्यार्थीही हे काम करू शकतो. प्रस्तुत लेखात आम्ही डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचे उदाहरण घेऊन हा अभ्यास मांडत आहोत.

डेबियन आणि तिचा नियम

डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. पत्नी डेब्रा आणि स्वतः इयन या दोन नावांच्या जोडणीतून हे नाव सिद्ध झाले. तिच्यामागे कोणतीही एक कंपनी नाही. जगभरातील स्वयंसेवक ती घडवतात आणि ती विनामूल्य मिळते. या स्वयंसेवकांचा वार्षिक मेळावा सप्टेंबर २०२३ मध्ये केरळमधील कोची येथे भरला होता.

१९९७ मध्ये या समूहाने वापरकर्त्यांशी एक सामाजिक करार केला. त्यातील एका कलमाचा आशय असा की, आम्ही अडचणी लपवणार नाही; दोषांच्या तक्रारींची संपूर्ण नोंदवही सर्वांसाठी सदैव खुली राहील. आमच्या दृष्टीने प्रस्तुत विषयाचे मर्म या कलमात आहे. दोष प्रत्येक प्रणालीत असतात. ज्या प्रणालीत ते उघडपणे लिहिले जातात, तेथे दुसऱ्याच्या अनुभवातून शिकण्याची वाट खुली राहते.

डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी प्रसिद्ध होते. डेबियन १२, टोपणनाव 'बुकवर्म', १० जून २०२३ रोजी आली. डेबियन १३, टोपणनाव 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ रोजी. प्रत्येक आवृत्तीसोबत प्रकाशन-टिपणे येतात आणि त्यांत ज्ञात अडचणींचे एक स्वतंत्र प्रकरण असते. इन्स्टॉलरच्या, म्हणजे प्रणाली बसवून देणाऱ्या कार्यक्रमाच्या, ज्ञात दोषांची यादी निराळी ठेवलेली असते. पुढे दर काही महिन्यांनी उपआवृत्त्या निघतात व त्यांत तोवरच्या दुरुस्त्या सामावल्या जातात. म्हणून वर्षभरापूर्वी उतरवून ठेवलेली प्रत वापरण्याऐवजी त्या दिवशी उपलब्ध असलेली ताजी उपआवृत्ती घेणे, हाच अनेक ज्ञात दोषांवरचा पहिला उपाय ठरतो.

डिसेंबर २०२३ चा धडा

या नियमाची कसोटी लागली ती डिसेंबर २०२३ मध्ये. ९ डिसेंबर रोजी डेबियन १२.३ ही उपआवृत्ती प्रसिद्ध व्हायची होती. तिच्यातील लिनक्स कर्नेल ६.१.६४ मध्ये, ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेत साठवलेली माहिती बिघडवू शकेल असा दोष असल्याचे ऐन वेळी लक्षात आले. एक दुरुस्ती जुन्या कर्नेलमध्ये आणताना तिला आवश्यक असलेली दुसरी दुरुस्ती सोबत आली नव्हती, हे त्याचे मूळ होते. ईएक्सटी४ ही डेबियनमध्ये सर्वसाधारणपणे वापरली जाणारी फाइल-व्यवस्था असल्याने धोका लहान नव्हता.

नवे कर्नेल तोवर वितरणासाठी उपलब्ध झालेले होते. तेव्हा समूहाने १२.३ च्या प्रती काढणे थांबवले आणि तूर्त कोणीही आपली प्रणाली अद्ययावत करू नये, असे जाहीरपणे कळवले. आपोआप अद्ययावत होणाऱ्या संगणकांच्या चालकांना विशेष सावध केले गेले. दोष १०५७८४३ या क्रमांकाने खुल्या नोंदवहीत होता. कोणीही तो वाचू शकत होते. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नेलसह १२.४ ही उपआवृत्ती आली.

या घटनेतून आपल्या कामापुरते दोन नियम निघतात. पहिला, प्रणाली बसवण्याच्या किंवा अद्ययावत करण्याच्या दिवशी त्या आवृत्तीची ताजी सूचना वाचावी. दुसरा, मोठ्यातल्या मोठ्या आणि जाणत्या समूहाच्या हातूनही माहितीला धोका पोचू शकतो. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी काढून ठेवल्याशिवाय कामाला हात घालू नये.

बसवण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम फाइलींची प्रत. जातीच्या दाखल्याची व गुणपत्रिकांची छायांकित रूपे, आधारची प्रत, बँकेची कागदपत्रे, घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे यांची एकच प्रत संगणकात असेल, तर ती आधी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये. पुढे सांगितलेली कोणतीही अडचण उपायाने दूर होऊ शकते. विभाजन करताना पुसली गेलेली आणि दुसरी प्रत नसलेली फाइल मात्र परत मिळेलच असे नाही.

त्यानंतर आवृत्तीची निवड. डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर आणि कर्नेल देणे बंद झाले आहे. फार जुना, ३२-बिट प्रोसेसरचा संगणक असेल तर त्यासाठी डेबियन १२ घ्यावी. तिचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. ६४-बिट संगणकावर डेबियन १३ बसवावी. ही एवढी बाब ठाऊक नसल्याने 'पेनड्राइव्ह चालतच नाही' असा समज होतो.

उतरवलेली प्रत शुद्ध आहे की नाही, हेही तपासावे. डेबियन प्रत्येक प्रतीसोबत एसएचए-५१२ पद्धतीची पडताळणी-संख्या देते. ती १२८ अंक-अक्षरांची असते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेने आपल्याकडील प्रतीची संख्या काढावी आणि दिलेल्या संख्येशी ताडून पाहावी. एका अक्षराचाही फरक असल्यास प्रत पुन्हा उतरवावी. खेडोपाडी इंटरनेट मध्येच तुटते आणि अपुरी प्रत पूर्ण असल्यासारखी दिसते. इन्स्टॉलेशन निम्म्यावर थांबण्यामागे हेच कारण असू शकते. जेथे इंटरनेट मंद आहे, तेथे एक जीबीहून लहान असलेली 'नेटइन्स्ट' प्रत घेण्यापेक्षा चार जीबीच्या आसपासची डीव्हीडी प्रत घेणे सोयीचे पडते. लहान प्रत बाकीचे सामान इन्स्टॉलेशनच्या वेळी इंटरनेटवरून मागते.

विंडोज कायम ठेवून शेजारी डेबियन बसवायची असेल, तर आणखी दोन गोष्टी कराव्यात. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि तिच्या विभागात बाहेरून लिहिणे धोक्याचे ठरते. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. संगणकाच्या मूळ मांडणीत बदल होताच विंडोज ती विचारू शकते.

लक्षण, कारण आणि उपाय

पुढील अडचणी आम्ही इन्स्टॉलेशनच्या क्रमाने देत आहोत. प्रत्येक वेळी एकच बदल करावा व परिणाम पाहावा. एकाच वेळी तीन बदल केल्यास कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही.

१. मराठी भाषा दिसत नाही. इन्स्टॉलर दोन रूपांत चालतो, एक चित्रमय आणि दुसरे केवळ अक्षरांचे. देवनागरीची जोडाक्षरे साध्या अक्षरी पडद्यावर नीट उमटत नसल्याने मराठीसारख्या भाषा चित्रमय रूपातच मिळतात. पहिल्या यादीत 'ग्राफिकल इन्स्टॉल' निवडावे.

२. वाय-फाय सापडत नाही. वाय-फायच्या चिपला चालण्यासाठी फर्मवेअर नावाचा छोटा कार्यक्रम लागतो. यातील पुष्कळ फर्मवेअर मुक्त नसल्याने डेबियनच्या अधिकृत प्रतीत पूर्वी ते नसे आणि नवख्या माणसाची येथेच पंचाईत होई. ऑक्टोबर २०२२ मध्ये समूहाने मतदान घेऊन ते अधिकृत प्रतीत समाविष्ट करण्याचे ठरवले आणि डेबियन १२ पासून ही अडचण बहुतांशी मिटली. तरीही काही जुन्या चिपांसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी तारेचे नेटवर्क जोडावे, किंवा मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरावे. प्रणाली बसल्यावर ड्रायव्हर सावकाश उतरवता येतो.

३. हार्ड डिस्क दिसत नाही. इन्स्टॉलर पेनड्राइव्ह दाखवतो, आतली डिस्क दाखवत नाही. इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांत साठवण आरएसटी किंवा व्हीएमडी या पद्धतीवर लावलेली असते. त्यामुळे डिस्क या पडद्याआड राहते. संगणकाच्या बायोस मांडणीत जाऊन ती एएचसीआय पद्धतीवर आणावी, किंवा व्हीएमडी बंद करावे. विंडोज ठेवायची असल्यास हा बदल थेट करू नये, कारण जुन्या पद्धतीवर बसवलेली विंडोज नंतर सुरूच न होण्याचा संभव असतो. विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज करून मगच पद्धत बदलावी.

४. पडदा काळा पडतो. यामागे बहुधा ग्राफिक्स चिप आणि तिचा ड्रायव्हर यांचा बेबनाव असतो. एनव्हिडियाच्या चिपांबाबत हे अधिक आढळते. ग्रब नावाची सुरुवातीची यादी दिसताच कळफलकावरील 'ई' दाबावे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहावा आणि एफ१० दाबावे. पडदा साध्या रूपात उजळतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. प्रणाली सुरू झाल्यावर त्या चिपचा योग्य ड्रायव्हर बसवणे हा कायमचा उपाय आहे.

५. पेनड्राइव्ह काढताच डेबियन सुरू होत नाही. याची कारणे तीन असू शकतात. जुन्या पद्धतीच्या बायोसवर ग्रब चुकून पेनड्राइव्हवरच बसवले गेले असेल. इन्स्टॉलर एका पद्धतीने, म्हणजे यूईएफआयने, सुरू केला असेल आणि संगणक दुसऱ्या, जुन्या पद्धतीने सुरू होत असेल. किंवा संगणकाचे यूईएफआय केवळ एका ठरावीक जागीच बूट-फाइल शोधत असेल. तिन्ही बाबतींत प्रणाली पुन्हा पहिल्यापासून बसवण्याची गरज नाही. त्याच पेनड्राइव्हवरून, ज्या पद्धतीने संगणक चालवायचा आहे त्या पद्धतीने, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधील 'रेस्क्यू मोड' सुरू करावा, डेबियनचा विभाग निवडावा आणि ग्रब पुन्हा बसवण्याचा पर्याय घ्यावा. तिसऱ्या कारणासाठी तेथेच, ग्रब काढता येण्याजोग्या माध्यमाच्या मार्गावरही बसवण्याचा पर्याय मिळतो. सिक्युअर बूट चालू असतानाही डेबियन चालते. ही सोय २०१९ मधील डेबियन १० पासून आहे. म्हणून ते बंद करण्याची घाई करू नये.

६. यादीतून विंडोज नाहीशी झाली. हे लक्षण पाहून सर्वाधिक घबराट उडते. डेबियन ११ वरून १२ वर आणलेल्या संगणकांत हे घडले आणि प्रकाशन-टिपणांत त्याचा उल्लेख आहे. इतर प्रणाली शोधून यादीत घालणारा 'ओएस-प्रोबर' हा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणास्तव ग्रबने आपणहून चालवणे थांबवले. विंडोज आणि तिच्यातील फाइली जागच्या जागी असतात. ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत ओएस-प्रोबरला परवानगी देऊन 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवली की नाव पुन्हा दिसू लागते.

बसल्यानंतरच्या तीन तक्रारी

पहिली, 'आपणांस अधिकार नाही'. इन्स्टॉलर रूट म्हणजे मुख्य चालकाचा पासवर्ड विचारतो. तो दिल्यास साध्या वापरकर्त्याला 'सुडो'चे अधिकार मिळत नाहीत. तो रिकामा सोडल्यास मिळतात. पासवर्ड दिलेला असेल तर रूट म्हणून प्रवेश करून वापरकर्त्याचे नाव सुडो गटात घालावे, आणि वापरकर्त्याने एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा.

दुसरी, नवा कार्यक्रम घालताना संगणक डिस्क मागतो. डीव्हीडी प्रतीवरून इंटरनेटविना इन्स्टॉलेशन केल्यास त्या डिस्कचे नाव सामानाच्या उगमांच्या यादीत राहते. ती ओळ काढून इंटरनेटवरील भांडाराची ओळ घातली की तक्रार मिटते.

तिसरी, घड्याळ साडेपाच तास पुढेमागे होते. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स तेथे जागतिक वेळ असल्याचे मानते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने नेमका तेवढाच फरक पडतो. दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर डेबियनला घड्याळ स्थानिक वेळेचे असल्याचे सांगावे. फरक साडेपाच तासांचा नसेल आणि तारीखच अनेक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे असे समजावे. तो अल्प किमतीत मिळतो.

यादीत नसलेली अडचण

वरीलपैकी काहीच लागू पडले नाही, तर नोंदी पाहाव्यात. अक्षरी इन्स्टॉलर चालू असताना डावी ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबल्यास आत काय चालले आहे त्याच्या ओळी दिसतात. मूळ पडद्यावर येण्यास ऑल्ट आणि एफ१ दाबावे. चित्रमय इन्स्टॉलरमधून जाताना सोबत कंट्रोलही दाबावी लागते. शेवटच्या काही ओळींत बहुधा अडलेल्या भागाचे नाव सापडते. त्या ओळींचे छायाचित्र मोबाइलवर घ्यावे. त्या नावाने खुल्या नोंदवहीत शोध घेतला, की हीच अडचण आलेला जगातील दुसरा कोणीतरी भेटण्याची शक्यता मोठी असते.

कोणीच न भेटल्यास आपण पहिले नोंदकर्ते व्हावे. इन्स्टॉलेशनचा अहवाल पाठवण्याची रीत डेबियनच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहे. संगणकाचे मॉडेल, वापरलेल्या प्रतीचे नाव व तारीख, कोणत्या पायरीवर काय दिसले आणि काय अपेक्षित होते, एवढे साध्या शब्दांत लिहिले तरी पुरते. 'चालत नाही' एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. 'विभाजनाच्या पायरीवर डिस्क दिसली नाही' यावरून काम सुरू होते. विद्यार्थ्यांनी हे लेखन अवश्य शिकावे. निरीक्षण आणि अनुमान वेगळे ठेवण्याचा तो उत्तम सराव आहे, आणि विज्ञानाच्या वहीत आपण त्यांच्याकडून याहून निराळे काही मागत नाही.

प्रत्येक शाळेच्या संगणक कक्षात यासाठी एक साधी वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तीत संगणकाचे मॉडेल, तारीख, लक्षण, केलेला बदल आणि परिणाम असे पाच रकाने असावेत. निष्फळ ठरलेले उपायही लिहावेत, म्हणजे पुढच्या तुकडीचा वेळ त्यांवर जाणार नाही. जे माजी विद्यार्थी संगणक देऊ इच्छितात, त्यांनी सोबत एका कागदावर त्याच्या प्रोसेसरचे नाव, रॅम, वाय-फाय चिपचे नाव आणि बायोसचा पासवर्ड लिहून द्यावा. हा कागद मिळाला की संगणक कक्षातील मुले आवृत्ती कोणती घ्यायची आणि कोणत्या अडचणीसाठी तयार राहायचे, हे पेनड्राइव्ह लावण्याआधीच ठरवू शकतील.